मोटरची मान

आत्याला पाण्याची भीती वाटते हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे, फक्त तिच्यासमोर तसं बोलायचं नसतं. ती होडीत चढते तेव्हा आम्ही सगळे मुद्दाम दुसरीकडे बघतो. ती आधी एक पाय आत टाकते, तोच बाहेर काढते, मग होडीलाच दम देते, "हलू नकोस गं मेले!" आणि एकदाची आत आली की मधली फळी दोन्ही हातांनी धरते, ती पलीकडचा काठ लागेपर्यंत सोडत नाही. पोहता तिला येत नाही. शिवणकामात मात्र तिचा हात धरणारं कुणी नाही, आणि हे ती स्वतःच दिवसातून एकदा तरी सांगते.

त्या दिवशी तिला खाडीपलीकडच्या दवाखान्याचे पडदे पोचवायचे होते. हिरवे, जाड, प्रत्येकाला दुहेरी दुमड. गाठोडं एवढं मोठं की आत्या त्याच्यामागे उभी राहिली तर फक्त अंबाडा दिसेल. बाबा पलीकडेच होते, धक्क्याजवळच्या वर्कशॉपात, मित्राच्या होडीतून सकाळीच गेलेले. "संध्याकाळी येऊन नेतो," असं सांगून गेले होते. पण शिवून झालेलं काम घरात पडलेलं आत्याला बघवत नाही.

"मी सोडते तुला," मी म्हणाले.

"तू?"

"मी. सुट्टीत बाबांनी शिकवलीय मोटर. एकटीने चालवलीय मी."

"बाबा शेजारी बसला होता तेव्हा एकटीने?"

"ते गप्प बसले होते. म्हणजे एकटीच."

खरं सांगायचं तर यंदा मला काय झालंय कुणास ठाऊक. शाळेत मी पहिल्यांदा स्वतःहून हात वर केला, आणि मग तो खाली घ्यायचाच विसरले. वक्तृत्वाला नाव दिलं. गॅदरिंगला सूत्रसंचालन केलं. मुख्याध्यापिकांना भर व्हरांड्यात थांबवून ग्रंथालय मधल्या सुट्टीत का बंद असतं ते विचारलं. पूर्वी पाहुणे आले की मी कपाटाच्या आड उभी राहायचे. आता पाहुणेच घड्याळ बघायला लागतात. आत्या मला लहानपणापासून भिंगरी म्हणते. आधी कौतुकाने म्हणायची, आता तक्रारीने.

"बरं, चल भिंगरे," ती म्हणाली. "पण थर्मास घेते मी चहाचा. पलीकडे गेल्यावर घसा कोरडा पडतो माझा."

तिकडे जातानाच पडतो, पण मी दुसरीकडे बघितलं.

आमची मोटर माझ्यापेक्षा वयाने मोठी आहे. रंग गेलेला, दोरी ओढून सुरू करायची, आणि सुरू झाली की खोकल्यासारखी खोकणारी. ती होडीच्या मागच्या फळीला अडकवलेली असते आणि एका उभ्या लोखंडी दांड्यावर डावी-उजवीकडे फिरते, अगदी आपली मान फिरते तशी. म्हणून बाबा त्या जागेला मानच म्हणतात. मोटरला पुढे एक हँडल आहे. ते ढकललं की मान वळते, मान वळली की होडी वळते. एवढंच काय ते शास्त्र.

बाबांना वर्कशॉपात काम लागल्यापासून होडी बांधूनच होती. मी मोटरवरची खोळ काढली. ती आत्यानेच शिवलेली, ताडपत्रीची, कडेने नाडी, कुठे एक टाका इकडचा तिकडे नाही. आत मोटर एका बाजूला मान मुरडून बसली होती. मी हँडल सरळ करायला गेले तर जागची हलेना. मग मी फळीला पाय लावला आणि सगळा जोर काढला.

कट्.

"काय तुटलं?" आत्या ओरडली.

"काही नाही. सांधे मोकळे झाले."

मान सरळ झाली होती. जड होती, पण झाली होती. मला वाटलं, बघा, जोर लावला की होतं. यंदा मला सगळ्याच बाबतीत असं वाटत होतं.

निघालो तेव्हा ओहोटी नुकतीच लागली होती. खाडीचं पाणी आमच्या बाजूने समुद्राकडे चाललं होतं, घाई न करता. ऊन स्वच्छ होतं. आत्या फळीवर, पाठ माझ्याकडे, गाठोडं मांडीशी. लाइफ जॅकेट तिने नेहमीप्रमाणे अंगात न घालता बुडाखाली घेतलेलं, कारण फळी टोचते. आणि मी मागे, हातात हँडल, केस वाऱ्यावर. कुणी फोटो काढायला हवा होता असं मला वाटत होतं.

थोडं आत गेल्यावर एक लाल पिंप तरंगतं. तिथे उथळ आहे, वळसा घालून जायचं अशी खूण. हळूच डावीकडून गेलं असतं तरी चाललं असतं. पण मी हँडल पुरतं ढकललं आणि होडी अशी झोकात वळवली की पाण्याची भिंत उठली. आत्या "अगं अगं अगं" म्हणाली. मी हसले. मग हँडल परत ओढलं.

आलं नाही.

पुन्हा ओढलं. दोन्ही हातांनी ओढलं. भिंतीत बसवलेल्या खुंटीसारखं. होडी डावीकडे वळत राहिली, लाल पिंप पुन्हा समोर आलं, मग आमचा काठ, मग पलीकडचा काठ, मग पुन्हा पिंप.

"भिंगरे," आत्या मान न वळवता म्हणाली, "दवाखाना त्या बाजूला आहे."

"माहितीये."

"मग गोल गोल काय फिरवतेस? नाव ठेवलं म्हणून लगेच तसं वागून दाखवायला पाहिजे का?"

"आत्या, वळत नाहीये."

"वळतेय की! वळायचीच थांबत नाहीये!"

मी मोटर धीमी केली. होडी मंदावली, आणि तेव्हा मला ते दिसलं. पिंप आता समोर नव्हतं. मागे राहिलं होतं, बरंच मागे. आम्ही नुसत्या गोल फिरत नव्हतो. फिरत फिरत खाली चाललो होतो. पाणी आम्हाला नेत होतं. आणि खाली फणी होती.

फणी म्हणजे मोडका धक्का. वरच्या फळ्या कधीच्याच वाहून गेल्या, खालचे लोखंडी खांब तेवढे राहिले. आमच्या काठापासून खाडीच्या मध्यापर्यंत ओळीने उभे, गंजलेले, शिंपल्यांनी धारदार झालेले. ओहोटीचं पाणी त्यातून विंचरल्यासारखं जातं. होडी त्यात आडवी गेली तर खांब तिला धरून ठेवतात आणि मागून येणारं पाणी होडीच्या कडेवर चढून तिला पालथी करतं. मागच्या वर्षी वाळूची एक होडी तशीच गेली. आतले दोघे वाचले, कारण दोघांना पोहता येत होतं.

मी आत्याच्या पाठीकडे बघितलं. तिचा अंबाडा, त्यात खोचलेली सुई. ती कुठेही गेली तरी सुई काढायला विसरते. पायाखालची जमीन सरकली म्हणायलाही पायाखाली जमीन नव्हती.

"आत्या," मी म्हणाले, आणि माझा आवाज वक्तृत्वातल्यासारखा अजिबात आला नाही, "बुडाखालचं जॅकेट अंगात घाल."

तिने काही विचारलं नाही. हेच जास्त भयंकर होतं. एरवी मीठ दे म्हटलं तरी कशाला म्हणून विचारते. तिने एक हात सोडला, जॅकेट ओढून काढलं, अंगात घातलं, आणि नाडी बांधताना मला तिची बोटं दिसली. सुईत एका फटक्यात दोरा ओवणारी बोटं, आणि त्यांना एक गाठ मारता येत नव्हती.

"फणी का?" तिने विचारलं.

"अजून लांब आहे."

"मी लांबचं नाही विचारलं."

"हो. फणी."

नांगर टाकावा, तर नांगराचा एक दात तुटला म्हणून बाबांनी तो जोडून आणायला नेलेला. मी बाबांना फोन लावला. वाजत राहिला. ग्राइंडर चालू असला की बाबांना जग ऐकू येत नाही. आसपास एकही होडी नव्हती. ओहोटीच्या वेळी शहाणी माणसं घरी असतात. रिव्हर्स टाकून पाहिला, तर होडी त्याच गोलावरून उलटी फिरून आली, जशी गेली तशी. वल्हं एकच होतं. मी ते मारून बघितलं. पाण्याला त्याचं काहीच वाटलं नाही.

मग मी हँडलवर तुटून पडले. पाय लावला, पाठ लावली, लोंबकळले. हँडल खालच्या सांध्याशी किंचित वाकलं आणि मी झटकन सोडलं. ते मोडलं असतं तर मोटरचा वेग कमी-जास्त करायलाही काही उरलं नसतं.  तोंडाला लोखंडाची चव आली होती. ओठ कधी चावला ते कळलंच नव्हतं.

"नुसती ओढू नकोस," आत्या म्हणाली. आता ती माझ्याकडे तोंड करून बसली होती. फळी मात्र मागून धरलेलीच. "काय झालंय ते तरी बघ."

"मान जाम झालीय. आतलं ग्रीस वाळलं असणार, खारं पाणी शिरलं असणार. बाबा मागे म्हणाले होते, मोटर रोज थोडी डावी-उजवीकडे फिरवायची, एका बाजूला ठेवून द्यायची नाही."

"मग का ठेवली?"

मी तिच्याकडे बघितलं. उत्तर द्यायची माझी इच्छा नव्हती. पण उत्तर मोटरशेजारीच पडलं होतं, घडी घातलेलं, कडेला नाडी असलेलं. आत्या खोळीचं माप घ्यायला आली होती तेव्हा मोटर कुणीतरी मुरडून ठेवलेली होती. आत्याने जशी दिसली तशी शिवली, अंगाबरोबर, सूतभरही सैल नाही. मोटर सरळ असली की ती खोळ चढतच नाही. तेव्हापासून होडी बांधली की बाबा मोटरची मान मुरडतात, खोळ चढवतात. आत्याला "बाहीत चुकलंय" असं सांगायची हिंमत आमच्या घरात कुणातच नाही, आणि बाबा तर तिचे धाकटे भाऊ. इतके आठवडे मोटर तशीच बसली होती. आणि मीही झोकात वळले ती नेमकी त्याच बाजूला.

आत्याने खोळीकडे बघितलं. मग मोटरकडे. शिंपिणीला माप समजायला वेळ लागत नाही.

"अगं बाई," ती म्हणाली. "हिला मी मान मोडून झोपवली."

"आत्या, आत्ता ते नको."

"कुणी सांगायचं तरी! उसवून दिली असती की!"

"तुला? कोण सांगणार तुला?"

पाण्याचा आवाज बदलला होता. आधी नुसतं सुळसुळ होतं, आता लांबून खळखळ ऐकू यायला लागली. मी वर बघितलं नाही. आत्याने बघितलं, आणि तिच्या चेहऱ्यावरून मला अंतर कळलं.

होडीतल्या हत्यारांच्या डब्यात एक हातोडी होती आणि तेलाची जवळजवळ रिकामी बाटली. मी मानेच्या वर आणि खाली, जिथे दांडा दिसतो तिथे, उरलेलं तेल ओतलं. ते वरच थांबलं. आत जाईना. मी हातोडीने टकटक केलं, जोरात नाही, कारण बाहेरचं कवच ॲल्युमिनियमचं आहे, त्याला तडा गेला की कारभार आटोपला.

"गरम कर," आत्या म्हणाली.

"कशाने? काडी ओढू पेट्रोलशेजारी?"

"मशीनचं चाक थंडीत अडकलं की मी गरम फडकं ठेवते. तेल आत उतरतं मग."

आम्ही दोघींनी एकदमच थर्मासकडे बघितलं.

आत्याचा चहा म्हणजे उकळीतून थेट झाकण. तो थर्मास संध्याकाळपर्यंत तोंड भाजवतो. मी झाकण उघडून तो मानेवर ओतायला लागले, सावकाश, चहूबाजूंनी. वाफ उठली. नाकात आल्याचा वास शिरला.

"साखर आहे त्यात," आत्या एकदम म्हणाली. "चिकटेल का गं?"

"आत्या!"

"विचारलं आपलं."

कवच हाताला चटका लागेल इतकं तापलं. वर साचलेलं तेल हळूच खाली सरकलं, जसं नाल्यात पाणी ओढलं जातं तसं. मी ओरडलेच. हँडल धरलं आणि ओढलं. काही नाही. पुन्हा ओढलं. काहीच नाही. आता मी वर बघितलं. खांब एकेक मोजता आले असते. त्यांच्याभोवती पाणी फेसाळत होतं, आणि एका खांबाला कुणाचं तरी निळं जाळं अडकून फडफडत होतं.

 मी होडीच्या तळाशी बसले आणि मला उठताच येईना. एवढी बोलणारी मी, माझ्या तोंडून फक्त "बाबा" निघालं, तेही लहान मुलीसारखं.

"ऊठ," आत्या म्हणाली.

"नाही होत."

"ऊठ म्हणते ना! तू एकाच बाजूला ओढतेयस. सगळा वेळ बघतेय मी. तुला हवंय तिकडेच ओढतेयस. चाक अडकलं की आपल्याला हवंय तिकडे नाही ढकलायचं. आधी उलटं. एवढंसं उलटं, मग एवढंसं सुलटं. दोरा गुंतला तरी तसंच करते मी. गुंता आधी सैल होऊ द्यायचा."

"उलटं म्हणजे आणखी मुरडायची? ती आणखी अडकली तर?"

"आता कुठे सुटलीय?"

 मी उठले. मोटर न्यूट्रलमध्ये चालू ठेवली, बंद करायची छातीच झाली नाही. गरम मोटर पुन्हा सुरू व्हायला फार नखरे करते. शिवाय ती थरथरत होती, आणि त्या थरथरीने तेल आणखी उतरेल असं वाटलं. हँडल ढकललं, उलट्या बाजूला. काही झालं नाही. एकट्या हँडलने जोर पोचत नव्हता आणि हँडल वाकत होतं. कुणीतरी मोटरचं डोकंच दोन्ही हातांनी धरून हलवायला हवं होतं. म्हणजे मागच्या फळीशी येऊन, गुडघे टेकून, पाण्यावर ओणवं होऊन.

  आत्या फळीकडे बघत होती, फळीवरच्या स्वतःच्या बोटांकडे. मग तिने एक हात सोडला. मग दुसरा. उभी राहिली असती तर पडली असती, म्हणून ती चक्क रांगत आली. पडद्यांच्या गाठोड्यावरून, थर्मासवरून, डोळे घट्ट मिटून रांगत आली.

"मोटर कुठाय?" तिने विचारलं.

"डोळे उघड ना."

"नाही उघडणार. हात ठेव माझे."

मी तिचे हात मोटरच्या डोक्यावर दोन्ही बाजूंनी ठेवले. खाली तिच्या नाकाशी पाणी पळत होतं. ती काहीतरी पुटपुटत होती. मला वाटलं देवाचं नाव, नीट ऐकलं तर मोटरला शिव्या होत्या.

"उलटं," मी म्हणाले.

ढकललं.

"सुलटं."

ओढलं.

"उलटं. सुलटं. उलटं..."

आणि मग माझ्या तळहाताला ते कळलं. डोळ्यांना दिसलं नाही, कानांना ऐकू आलं नाही, फक्त तळहाताला. केसाएवढं. दात हलायला लागतो तेव्हा जिभेला कळतं ना, तसं.

"आत्या, हलली!"

"थांबू नकोस!"

उलटं, सुलटं. मानेच्या खालच्या फटीतून काळपट-तपकिरी चिखल बाहेर यायला लागला, जुनं ग्रीस, गंज, मीठ आणि चहा. दर खेपेला थोडी जास्त. बोटभर. दोन बोटं. मग सरळ होता होता पुन्हा अडली. सरळच्या अलीकडेच. आता खळखळ एवढी मोठी होती की आम्ही ओरडून बोलत होतो.

आता एकच करता येण्यासारखं होतं. फणी खाडीच्या मध्यापर्यंतच आहे. शेवटच्या खांबापलीकडे मोकळं पाणी. होडीचं तोंड तिकडे झालं आणि त्याच क्षणी मोटर जवळपास सरळ झाली, तर आम्ही बाहेरून निघून जाऊ. पण तोंड आत्ता आमच्याच काठाकडे होतं, आणि या होडीला फक्त डावीकडे वळता येत होतं. म्हणजे तोंड तिकडे आणायला मला आणखी एक गोल घ्यावा लागणार होता. मुद्दाम. आणि त्या गोलाची खालची कड खांबांना घासून जाणार होती.

"आत्या, मी गिअर टाकतेय. आपण आधी फणीकडे जाणार."

"काय?"

"जाणार आणि वळणार. मी 'आता' म्हटलं की सगळा जोर लाव. सुलट्या बाजूला."

"आणि नाही हलली तर?"

मी गिअर टाकला, मोटरचा वेग पुरता वाढवला.

खांब अंगावर आले. आधी लांबून बारीक वाटणारे ते माझ्या कमरेपेक्षा जाड होते. निळं जाळं एवढं जवळ आलं की त्यात अडकलेली चप्पल दिसली. होडी वळत होती, किती सावकाश वळत होती, तिला काहीच घाई नव्हती. पहिला खांब बाजूने गेला. दुसरा. पाणी आम्हाला त्यांच्याकडे ओढत होतं आणि मोटर आम्हाला पुढे ढकलत होती, आणि त्या दोघांत कोण जिंकतंय ते कळत नव्हतं. माझ्या खिशात फोन वाजायला लागला. बाबांचा ग्राइंडर थांबला होता. वाजत होता, वाजत होता, शाळेच्या घंटेची ती मूर्ख रिंगटोन.

होडीचं तोंड मोकळ्या पाण्यावर आलं.

"आता!"

आत्याने डोळे उघडले. मी ते बघितलं, कारण मी तिच्याकडेच बघत होते. तिने डोळे उघडले, खांब बघितला, आणि तोंडातून आवाज न काढता सगळं अंग मोटरवर टाकलं. मी हँडलवर. क्षणभर काहीच नाही. मग मानेतून एक लांबलचक किंचाळी आली, लोखंडाची, आणि ती फिरली. सरळ झाली. सरळच्या किंचित पलीकडेही गेली.

होडी पुढे निघाली, पण मागची बाजू घसरत शेवटच्या खांबाकडे चालली. मी हँडल आत्याच्या हातात कोंबलं, "असंच धर!" आणि वल्हं उचलून खांबावर रोवलं. ढकललं. वल्ह्याचं पातं फुटलं. शिंपले होडीच्या कडेला कर्र करत घासत गेले, माझ्या कोपराला घासत गेले, आणि मग एकदम बाजूला काहीच उरलं नाही. नुसतं पाणी. रुंद, सपाट, ऊन पडलेलं.

फोन वाजायचा थांबला.

 कोपरातून रक्त येत होतं. आत्याने गाठोड्यातून एक पडदा ओढला, कोपराला लावला, आणि तो पडदा दवाखान्याचा आहे हे तिच्या लक्षात आलंच नसावं. ओहोटीने आम्हाला फणीच्या बरंच खाली आणलं होतं. तिथे पाणी शांत होतं. मी हँडल पुन्हा हातात घेतलं, होडीचं तोंड पलीकडच्या धक्क्याकडे केलं, आणि मग हँडल डावीकडे थोडं, उजवीकडे थोडं, डावीकडे, उजवीकडे हलवत राहिले. होडी सापासारखी चालली.

"आता नीट चालव की," आत्या म्हणाली.

"नाही. सरळ ठेवली तर पुन्हा अडकेल."

"नाही अडकणार."

"अडकेल, आत्या."

"बरं, हलव," ती म्हणाली, आणि माझ्या शेजारी, मागच्याच फळीवर, मला चिकटून बसली. मधल्या फळीवर परत गेली नाही.  आणि तिने माझ्या कमरेला अशी मिठी मारली होती की ती मला धरतेय की मी तिला, हेही सांगता आलं नसतं.

धक्क्यावर बाबा उभे होते, डोळ्यांवर हात धरून. अंगावर अजून कामाचा ॲप्रन. आम्ही वळवळत येताना बघून ते मोठ्याने हसले.

"काय गं, चहाऐवजी दुसरंच काही प्यायलात की काय? इतका वाकडा रस्ता कुठून शोधलात?"

एरवी अशा वाक्याला माझ्याकडे चार उत्तरं तयार असतात. मी तोंड उघडलं. काहीच आलं नाही. दात मात्र वाजायला लागले, भर उन्हात, आणि थांबेचनात.

बाबांचं हसू तिथेच राहिलं. ते वाकले, दोरी पकडली, होडी खेचून घेतली. मग त्यांना कडेवरचे ओरखडे दिसले, फुटलेलं वल्हं दिसलं, माझं कोपर दिसलं. त्यांनी वळून खाडीच्या वरच्या अंगाला, फणीकडे बघितलं. पुन्हा आमच्याकडे बघितलं तेव्हा ते मला एकदम म्हातारे वाटले.

"मोटर बंद कर, बाळा," ते हळूच म्हणाले.

"हात सुटत नाहीये," मी म्हणाले.

खरंच सुटत नव्हता. पोचलो होतो, दोरी बांधून झाली होती, आणि माझा हात अजून हँडल डावी-उजवीकडे हलवत होता. आत्याने माझं एकेक बोट उलगडलं. टाके उसवताना करते तसं तिने ते केलं, न ओढता, एकेक.